संमिश्र संख्येचं ध्रुवीय रूप : पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

अकरावीत संमिश्र संख्या सुरू झाल्या की फोनवर तेच ते प्रश्न येऊ लागतात. फोंडा, डिचोली, पेडण्यातून येतात, दोडामार्ग-बांद्याहून गोव्यात शिकायला येणाऱ्या मुलांकडून येतात, पुढे फर्मागुडीला इंजिनिअरिंगला गेलेल्यांकडूनही येतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. लिहिण्याची पद्धत अशी : ‘आय’ म्हणजे ज्याचा वर्ग −१ तो, ‘र’ म्हणजे मापांक (तुमचं मॉड्युलस), ‘थीटा’ म्हणजे कोनांक (आर्ग्युमेंट). कोन बहुतेक ठिकाणी अंशात दिलेत, कारण मुलं डोक्यात अंशातच विचार करतात.

१. सर, पोलर फॉर्म, म्हणजे ध्रुवीय रूप, नक्की काय? ३ + ४आय लिहिलं तर काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही. ३ + ४आय म्हणजे आडव्या अक्षावर ३ आणि उभ्या अक्षावर ४ अशा जागी असलेला एक बिंदू. त्याच बिंदूचा पत्ता दुसऱ्या तऱ्हेनेही देता येतो : आरंभबिंदूपासून किती लांब, आणि उजव्या आडव्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने किती कोनात. लांबी र, कोन थीटा. मग आडवा भाग र कॉस थीटा आणि उभा भाग र साइन थीटा होतो, म्हणून संख्या र(कॉस थीटा + आय साइन थीटा) अशी लिहितात. बेरीज-वजाबाकीला पहिलं रूप सोयीचं. गुणाकार, भागाकार, घात आणि मुळं यांना दुसरं.

हे चित्र पहिल्यांदा मांडलं ते कास्पर वेसेल या जमीन-मोजणी करणाऱ्या माणसाने. १७९७ मध्ये त्याने डॅनिश अकादमीपुढे निबंध वाचला, १७९९ मध्ये तो छापला गेला, पण फारसं कुणी वाचलं नाही. अर्गँडचं पुस्तक १८०६ चं, आणि आकृतीला नाव त्याचं पडलं. अंतर आणि दिशा मोजत फिरणाऱ्या मोजणीदाराला ही कल्पना सुचावी, हे मला तरी अगदी स्वाभाविक वाटतं.

२. रूपांतर करायच्या पायऱ्या एकदा नीट सांगाल का?

−३ − ३√३आय घेऊ.

सर्वांत आधी वहीत ठिपका काढा. आडवा भाग ऋण, उभा भाग ऋण, म्हणजे ठिपका डावीकडे खाली, तिसऱ्या चरणात (क्वाड्रंटमध्ये). हे अजून काहीही न मोजता ठरलं.

आता मापांक : √(९ + २७) = √३६ = ६.

मग चिन्हं विसरून लघुकोन काढा. उभ्याला आडव्याने भागा : ३√३ भागिले ३ म्हणजे √३. ज्याचा टॅन √३ तो ६०°. हा ठिपक्याकडे जाणारी रेघ आडव्या अक्षाशी करते तो लहान कोन. अजून कोनांक नाही.

शेवटी तो चरणात बसवा. डाव्या अक्षापर्यंत जायला १८०°, त्याच्याही खाली ६०°, म्हणजे २४०°, किंवा उलटीकडून मोजला तर −१२०°. (दोन्हींपैकी कोणता लिहायचा ते प्रश्न ६ मध्ये.) उत्तर : ६[कॉस(−१२०°) + आय साइन(−१२०°)].

पडताळा घ्यायला अर्धा मिनिटही लागत नाही. कॉस(−१२०°) म्हणजे −१/२, सहाने गुणलं की −३. साइन(−१२०°) म्हणजे −√३/२, सहाने गुणलं की −३√३. जुळलं. परीक्षेत हा पडताळा न घेता पुढे जाणाऱ्यांचं मला नवल वाटतं. इतक्या स्वस्तात खात्री गणितात दुसरीकडे मिळत नाही.

३. मापांकात ४आयचा वर्ग −१६ होतो ना? मग ३ + ४आयचा मापांक √(९ − १६) का नाही?

कारण मापांक म्हणजे अंतर, आणि काटकोन त्रिकोणाची उभी बाजू ४ आहे, ४आय नाही. आय फक्त ‘हा भाग उभ्या अक्षावरचा’ एवढंच सांगतो. वर्ग करताना आय बाहेर ठेवा. मापांक कल्पित किंवा ऋण आला की तिथेच थांबून मागे वळा.

४. कॅलक्युलेटरवर टॅनव्यस्त (टॅन इन्व्हर्स) दाबून कोन काढला, तरी उत्तर चूक. कॅलक्युलेटर खराब आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. कॅलक्युलेटर ठीक आहे. तुम्ही त्याला अर्धीच माहिती दिली.

फोंडा हा आरंभबिंदू धरा, पूर्व ही धन आडवी दिशा, उत्तर ही धन उभी. सरळ रेषेत मोजलं तर पणजी फोंड्याच्या साधारण १९ किमी पश्चिमेला आणि १० किमी उत्तरेला आहे. म्हणजे पणजी ढोबळमानाने −१९ + १०आय. मापांक √(३६१ + १००) = √४६१, सुमारे २१.५ किमी. आता १० भागिले −१९ करून टॅनव्यस्त दाबा. उत्तर येतं −२७.८°. ही दिशा पूर्वेच्या थोडी दक्षिणेला, म्हणजे मोले आणि सांगे यांच्या मधल्या जंगलाकडची. पणजीला निघालेला माणूस बरोबर उलट्या बाजूला गेला.

असं का झालं? भागाकार केला त्या क्षणी चिन्हं कुठली होती ते पुसलं गेलं. १० भागिले −१९ आणि −१० भागिले १९ यांचं उत्तर एकच. टॅनव्यस्ताला फक्त भागाकार दिसतो, आणि तो नेहमी −९०° ते ९०° मधलंच उत्तर देतो, म्हणजे कायम उजवी बाजू. ठिपका डावीकडे असेल तर उत्तरात १८०° चा फरक पडणारच. इथे खरा कोन १८०° − २७.८° = १५२.२°.

म्हणून आधी ठिपका, मग टॅन. चारही चरणांचा हिशेब असा. लघुकोन अल्फा धरला तर पहिल्या चरणात अल्फा, दुसऱ्यात १८०° − अल्फा, तिसऱ्यात −(१८०° − अल्फा), चौथ्यात −अल्फा. हे पाठ करू नका. आडव्या अक्षापासून ठिपका किती उचललाय किंवा खाली आलाय ते बघितलं की आपोआप कळतं. पाठ केलेल्यांचंच तिसऱ्या आणि चौथ्या चरणात जास्त चुकतं.

५. −५ किंवा ७आय असं काही आलं तर? टॅनमध्ये खाली शून्य येतं.

मग टॅनकडे जाऊच नका. ठिपका अक्षावर आहे, कोन डोळ्यांना दिसतो. ५ चा कोन ०°, ७आयचा ९०°, −५ चा १८०°, −७आयचा −९०°. म्हणून −५ = ५(कॉस १८०° + आय साइन १८०°). ‘−५(कॉस ०° + आय साइन ०°)’ हे ध्रुवीय रूप नव्हे. कारण प्रश्न ९ मध्ये.

६. माझ्या उत्तरात २४०° आलं, पुस्तकात −१२०° आहे. गुण जातील का?

बिंदू एकच आहे. कोनात ३६०° मिळवले किंवा वजा केले तरी ठिपका हलत नाही, त्यामुळे एका संख्येचे कोनांक अनंत असतात. त्यातला एक ‘मुख्य’ म्हणून निवडतात, आणि निवड कशी करायची यावर पुस्तकांचं एकमत नाही. गोवा बोर्डाच्या मुलांच्या हातात एनसीईआरटीचं पुस्तक असतं. त्याच्या जुन्या आवृत्तीत (नवीचं प्रश्न १४ मध्ये) मुख्य कोनांक −१८०° पेक्षा मोठा आणि १८०° पर्यंत (१८०° धरून). बालभारतीचं पुस्तक ०° पासून ३६०° च्या आत घेतं. सिंधुदुर्गात अकरावी केलेला मुलगा गोव्यातल्या मित्राच्या वहीशी उत्तरं ताडून पाहतो आणि दोघांनाही वाटतं की दुसरा चुकला.

प्रश्नात फक्त ‘ध्रुवीय रूपात लिहा’ असेल तर दोन्ही बरोबर. ‘मुख्य कोनांक काढा’ असेल तर तुमच्या अभ्यासक्रमाची हद्द पाळावी लागेल, आणि जेईईच्या तयारीत मी −१८०° ते १८०° हीच धरायला सांगतो. एकाच वहीत दोन्ही पद्धती मिसळू नका, एवढंच.

७. शून्याचं ध्रुवीय रूप काय?

मापांक शून्य, कोनांक अस्तित्वातच नाही. जिथे उभे आहात तिथेच जायचं तर दिशा कसली? ‘शून्याचा कोनांक शून्य’ असं लिहू नका.

८. कोन अंशात लिहायचा की रेडियनमध्ये?

कॉस-साइनच्या रूपात दोन्ही चालतात, फक्त अंशाचं चिन्ह विसरू नका. पण ‘ई’चा घात घालून ऑयलरच्या रूपात लिहिणार असाल, तर रेडियनच. १७४८ मध्ये ऑयलरने छापलेलं ते सूत्र रेडियनमध्येच खरं आहे. घातात ‘आय गुणिले १२०’ लिहिलंत तर वाचणारा ते १२० रेडियन समजेल. १८०° म्हणजे पाय रेडियन, म्हणून −१२०° म्हणजे −२पाय/३. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत मी पायच लिहायला सांगतो.

९. २(कॉस ३०° − आय साइन ३०°) हे ध्रुवीय रूपच आहे ना? मग सर त्याला काट का मारतात?

ध्रुवीय रूपाचा साचा ठरलेला आहे : बाहेर ऋण नसलेली संख्या, आत आधी कॉस, मग अधिक, मग आय साइन, आणि दोन्हीत कोन तोच. साचा मोडलेल्या तीन गोष्टी परीक्षेत मुद्दाम देतात.

मध्ये वजा असेल तर कोनाचं चिन्ह बदला : वरची संख्या म्हणजे २[कॉस(−३०°) + आय साइन(−३०°)]. कॉसला चिन्हाने फरक पडत नाही, साइनला पडतो, म्हणून हे चालतं.

बाहेर ऋण असेल, समजा −२(कॉस ३०° + आय साइन ३०°), तर वजा चिन्ह म्हणजे अर्धा फेरा. ३०° मध्ये १८०° मिळवा किंवा वजा करा : २[कॉस(−१५०°) + आय साइन(−१५०°)].

साइन आणि कॉसची अदलाबदल असेल, २(साइन ३०° + आय कॉस ३०°), तर ९०° मधून वजा करा : २(कॉस ६०° + आय साइन ६०°). इथे घाईत ‘कोन ३०°’ लिहिणारे खूप.

१०. अपूर्णांक दिला असेल तर आधी सोडवायचा की वरचं-खालचं वेगळं ध्रुवीय करायचं?

आकडे बघून ठरवा. (−४ + २आय) भागिले (३ + आय) असेल तर वेगवेगळे कोन भलतेच येतात. खालच्याच्या अनुबद्ध संख्येने, म्हणजे ३ − आयने, वर-खाली गुणा : वर −१२ + ४आय + ६आय + २, म्हणजे −१० + १०आय, खाली १०. राहिलं −१ + आय. दुसरा चरण, मापांक √२, कोन १३५°. झालं.

उलट (१ + आय) भागिले (√३ + आय) असेल तर दोन्हींचे कोन माहितीचे, ४५° आणि ३०°. मापांक √२ भागिले २, कोन ४५° − ३०° = १५°. इथे अनुबद्धाने गुणत बसलात तर शेवटी १५° ओळखायला त्रास होईल.

११. गुणाकारात कोनांची बेरीज होते म्हणतात. मग (−१ + आय) ला स्वतःनेच गुणलं तर कोन २७०° का लिहित नाहीत?

बेरीज बरोबरच आहे : १३५° + १३५° = २७०°. पण मुख्य कोनांक विचारला असेल तर बेरीज हद्दीबाहेर गेली. ३६०° वजा करा, −९०°. थेट वर्ग करून पाहा, −२आय येतो, आणि −२आयचा कोन प्रश्न ५ प्रमाणे −९०° च. ‘गुणाकाराचा मुख्य कोनांक म्हणजे मुख्य कोनांकांची बेरीज’ हे विधान म्हणूनच सरसकट खरं नाही. खरं की खोटं प्रकारात ते हमखास येतं.

१२. (१ + आय) चा दहावा घात विस्तार न करता कसा काढायचा? आणि −८ ची घनमुळं तीन कशी?

घाताला : मापांकाचा घात करा, कोनाला गुणा. मापांक √२, त्याचा दहावा घात ३२. कोन ४५° × १० = ४५०°, म्हणजे एक फेरा आणि ९०°. उत्तर ३२आय. द मॉयव्हरचं प्रमेय म्हणतात ते हेच.

मुळं काढताना एक गोष्ट बदलते. कोनाला भागण्याआधी त्यात फेरे मिळवायचे, भागल्यानंतर नाही. −८ चा मापांक ८, कोन नुसता १८०° नव्हे तर १८०°, ५४०°, ९००° असे सगळेच. तिनाने भागलं की ६०°, १८०°, ३००°. मापांक २. म्हणून मुळं १ + √३आय, −२ आणि १ − √३आय. चौथा कोन घेतलात (१२६०°) तर ४२०° येतो, म्हणजे परत ६०°. नुसता १८०° ला तिनाने भागून थांबणाऱ्याला एकच मूळ मिळतं, आणि गंमत म्हणजे शाळेपासून ओळखीचं असलेलं −२ च त्याच्या हातून सुटतं.

१३. कोन ३०, ४५, ६० यांपैकी येतच नाही. माझं चुकलंय का?

चुकलं असेलच असं नाही. ३ + ४आयचा कोन सुमारे ५३.१३° आहे, आणि तो कधीच ‘छान’ होणार नाही. तिथे थीटा = टॅनव्यस्त(४/३) असं लिहून सोडा, किंवा कॉस थीटा = ३/५ आणि साइन थीटा = ४/५ सांगा. −३ + ४आयला मात्र १८०° − टॅनव्यस्त(४/३) लिहावं लागेल. कारण प्रश्न ४.

१४. अकरावीच्या नव्या पुस्तकात हा भागच नाही. मग शिकायचा कशाला?

२०२२ मध्ये एनसीईआरटीने पुस्तकं हलकी केली तेव्हा ध्रुवीय रूपाचा भाग गळला. मोठ्या भावाबहिणीची जुनी प्रत घरात असेल तर त्यात मिळेल. जेईई मेनच्या अभ्यासक्रमात मापांक आणि कोनांक आहेतच, आणि तिथे कॅलक्युलेटर नेता येत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तर हे येतं असं धरूनच पुढे शिकवतात. माझ्या मते हा भाग काढायला नको होता. कोनाशिवाय गुणाकार म्हणजे नुसती आकडेमोड उरते.

१५. कॅलक्युलेटर, एक्सेल आणि पायथॉन तिघं तीन उत्तरं देतात!

आधी अंश-रेडियन तपासा. एक्सेल आणि पायथॉन रेडियनमध्ये बोलतात.

कॅसिओच्या वैज्ञानिक कॅलक्युलेटरवर ‘पोल’ ही सोय असते. आडवा भाग, स्वल्पविराम, उभा भाग असं द्यायचं. चरण तो स्वतः सांभाळतो. ९९१ईएसवर कॉम्प्लेक्स मोडमध्ये थेट संख्या लिहूनही रूपांतर होतं.

एटॅन२ या फंक्शनला दोन्ही भाग वेगवेगळे द्यायचे असतात, म्हणून प्रश्न ४ मधला घोटाळा होत नाही. पण पायथॉन आणि सी भाषेत आधी उभा भाग, मग आडवा. एक्सेलमध्ये आधी आडवा, मग उभा. फोंडा-पणजीचे आकडे उलट क्रमाने दिलेत तर १५२.२° ऐवजी −६२.२° येईल आणि पत्ताही लागणार नाही. दोन्ही शून्य दिले तर पायथॉन मुकाट्याने ० सांगतो, एक्सेल शून्याने भागल्याची चूक दाखवतं. प्रश्न ७ वाचलेल्यांना एक्सेलच पटेल.

अगदी क्वचित भेटणारी एक गोष्ट : पायथॉनमध्ये −१ चा कोनांक काढताना कल्पित भाग ‘उणे शून्य’ झाला असेल, तर १८०° ऐवजी −१८०° मिळतो. संगणकाला शून्याचंही चिन्ह असतं.

१६. मी नॉटिकलची तयारी करतो. होकायंत्रावरचा कोन आणि कोनांक जुळत नाहीत.

जुळणारच नाहीत. होकायंत्राचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात, कोनांक पूर्वेपासून उलट दिशेने. ९०° मधून कोनांक वजा करा. ऋण आलं तर ३६०° मिळवा. पणजीचा कोनांक १५२.२°, म्हणून ९०° − १५२.२° = −६२.२°, अधिक ३६०° म्हणजे २९७.८°. पश्चिम आणि वायव्य यांच्यामध्ये, जिथे असायला हवं तिथे. हीच क्रिया पुन्हा केली की होकायंत्रावरून कोनांक परत मिळतो.

१७. पॉलिटेक्निकला सर ‘जे’ लिहितात आणि तिरकं कोनाचं चिन्ह काढतात. हे वेगळं गणित आहे का?

गणित तेच. विजेत आय हे अक्षर प्रवाहासाठी अडकलेलं, म्हणून जे. १० पुढे कोनाचं चिन्ह ५३.१३° म्हणजे १०(कॉस ५३.१३° + जे साइन ५३.१३°) याचं लघुरूप.

६ ओहम रोध आणि ८ ओहम प्रेरकी रोध एकसरीत जोडले तर एकूण ६ + ८जे, म्हणजे १० ओहम, कोन ५३.१३°. घरच्या २३० व्होल्टला प्रवाह २३ अँपिअर, व्होल्टेजच्या ५३.१३° मागे, आणि पॉवर फॅक्टर कॉस ५३.१३° = ०.६. स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत ही रीत मांडली, तोवर याच गोष्टींसाठी कलन वापरावं लागे. नेहमीची चूक : एकसरीतले दोन रोध ध्रुवीय रूपातच ठेवून मापांकांची बेरीज. बेरजेआधी साध्या रूपात परत या.

१८. हे गोव्यात प्रत्यक्ष कुठे दिसतं का?

किनाऱ्यावर. भरती-ओहोटीचा अंदाज बांधताना पाण्याची चढ-उतार वेगवेगळ्या लहरींत फोडतात, आणि प्रत्येक लहरीचे दोनच आकडे नोंदवतात : उंची आणि कला (फेज). म्हणजे मापांक आणि कोनांक. चंद्राची मुख्य लहर १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची. पहिलीचा कोन तासाला सुमारे २८.९८° फिरतो, दुसरीचा ३०°. दर तासाला फरक १.०१६° वाढत जातो. पूर्ण ३६०° फरक पडायला साधारण ३५४ तास, म्हणजे १४.७७ दिवस लागतात. दोन्हींचे कोन जुळले की उधाण (सर्वांत मोठी चढ-उतार), समोरासमोर आले की भांग (सर्वांत लहान). अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं हे रापणकारांना कुणी शिकवावं लागत नाही. पंधरवडा कुठून येतो ते मात्र या वजाबाकीत दिसतं.

१९. १ + कॉस अल्फा + आय साइन अल्फा याचं उत्तर कधी बरोबर येतं, कधी नाही. असं का?

अर्धकोनाची सूत्रं वापरा. १ + कॉस अल्फा म्हणजे २ कॉस²(अल्फा/२), आणि साइन अल्फा म्हणजे २ साइन(अल्फा/२) कॉस(अल्फा/२). सामाईक काढलं की

२ कॉस(अल्फा/२) [कॉस(अल्फा/२) + आय साइन(अल्फा/२)]

मापांक २ कॉस(अल्फा/२), कोनांक अल्फा/२. बहुतेक जण इथेच थांबतात. अल्फा −१८०° आणि १८०° यांच्या मध्ये असेल तर बरोबरच आहे. पण अल्फा २४०° घेऊन बघा. कॉस १२०° = −१/२, म्हणजे ‘मापांक’ −१ आला, जो असूच शकत नाही. प्रश्न ९ प्रमाणे ऋण चिन्ह कोनात ढकला : १२०° − १८०° = −६०°, मापांक १. ताडून पाहा, मूळ संख्या १/२ − (√३/२)आय, चौथा चरण. अल्फा नेमका १८०° असेल तर संख्याच शून्य होते आणि प्रश्न ७ लागू पडतो.

याचाच भाऊ १ − कॉस अल्फा + आय साइन अल्फा. तिथे २ साइन(अल्फा/२) बाहेर येतं आणि आत साइन-कॉस उलटे पडतात, म्हणून कोन ९०° − अल्फा/२. अल्फा ०° आणि ३६०° यांच्या मध्ये असेल तर साइन(अल्फा/२) धन राहतं आणि चिन्हाची भानगड येत नाही. प्रश्नात अल्फाची हद्द दिलेली नसेल, तर दोन्ही शक्यता लिहूनच उत्तर संपवा.